वायूची उष्णताधारकता कशी काढावी: पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

पाण्याची उष्णताधारकता किती, असे कोणी विचारले तर खोलीच्या तापमानाला एका ग्रॅममागे साधारण ४.१८ जूल प्रति केल्व्हिन, एवढे सांगून मोकळे होता येते. नायट्रोजनची किती, असे विचारले तर उत्तर देण्याआधी उलट प्रश्न करावा लागतो: हा वायू बंद टाकीत कोंडलेला आहे, की त्याला फुगायला जागा आहे? गोव्यातील हायर सेकंडरीतून बाहेर पडून बीएस्सीच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याला सूत्रे सहसा पाठ असतात, आणि तरीही उदाहरण चुकते, याचे कारण बहुतेक वेळा हा उलट प्रश्न न विचारण्यात असते. हा लेख अशा विद्यार्थ्यासाठी आहे आणि स्वतःच्या हौसेने उष्मागतिकी शिकू पाहणाऱ्यांसाठीही आहे. लागणारे गणित बारावीच्या पलीकडचे नाही. एका ठिकाणी इंटिग्रेशन येते, तेही सरळ आहे. कॅल्क्युलेटर मात्र हाताशी असू द्यावा.

पहिली पायरी: वायू कोणत्या मार्गाने तापतो ते ठरवा

उष्णताधारकता म्हणजे तापमान एका केल्व्हिनने वाढवण्यासाठी द्यावी लागणारी उष्णता. वायूला दिलेली उष्णता दोन ठिकाणी जाऊ शकते. तिच्यातला काही भाग रेणूंची हालचाल वाढवतो, म्हणजे अंतर्गत ऊर्जेत जमा होतो; आणि वायू प्रसरण पावत असेल, तर उरलेला भाग बाहेरच्या दाबाविरुद्ध कार्य करण्यात खर्ची पडतो. उष्मागतिकीचा पहिला नियम या जमाखर्चापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

वायू भक्कम टाकीत असेल तर त्याचे आयतन बदलत नाही, कार्य शून्य राहते आणि सगळी उष्णता अंतर्गत ऊर्जेत जाते. या स्थितीत एका मोलला लागणाऱ्या उष्णतेला स्थिर आयतनाची मोलर उष्णताधारकता म्हणतात. वर्गात तिला सीव्ही म्हणतात आणि येथेही तेच नाव वापरू. वायू सरकत्या दट्ट्याखाली असेल आणि दाब कायम राहत असेल, तर तापताना तो दट्ट्या वर ढकलतो. एक मोल आदर्श वायू एका केल्व्हिनने तापला, तर दाब आणि आयतनवाढ यांचा गुणाकार वायुस्थिरांकाइतका, म्हणजे ८.३१४ जूल भरतो. तेवढी उष्णता जास्तीची द्यावी लागते. म्हणून:

सीपी = सीव्ही + आर

यातील आर म्हणजे ८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. या संबंधाला मायरचे नाव आहे. युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन वैद्य १८४० मध्ये एका डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेला, तिथल्या उष्ण हवेत खलाशांचे शिरांतले रक्त अधिक लाल दिसते हे पाहून शरीरातील उष्णता आणि श्रम यांच्या संबंधाचा विचार करू लागला, आणि १८४२ मध्ये त्याने हवेच्या दोन उष्णताधारकतांमधील फरक हा कार्याचाच मोबदला आहे असे मानून उष्णतेची यांत्रिक किंमत काढली. एखादे वजन सुमारे ३६५ मीटर खाली पडले तर तेवढ्याच वजनाचे पाणी एका अंशाने तापेल, असे त्याचे उत्तर आले. आजचे उत्तर सुमारे ४२७ मीटर आहे. त्याचा तर्क बरोबर होता. त्या काळी उपलब्ध असलेले हवेचे मोजलेले आकडे सदोष होते.

येथे नवख्या वाचकाने एका गोष्टीपाशी थांबावे. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे अंतर्गत ऊर्जेतील बदल हा नेहमी मोलसंख्या × सीव्ही × तापमानातील फरक इतकाच असतो, मग आयतन स्थिर असो वा नसो. दाब स्थिर असलेल्या उदाहरणात अंतर्गत ऊर्जा काढताना सीव्ही वापरलेली पाहून अनेकांना ती छपाईची चूक वाटते. ती चूक नाही. सीव्हीचे नाव तिच्या मोजण्याच्या रीतीवरून पडले आहे, तिचा उपयोग त्या रीतीपुरता मर्यादित नाही. त्याच न्यायाने एन्थाल्पीतील, म्हणजे अंतर्गत ऊर्जा अधिक दाब × आयतन या बेरजेतील, बदल नेहमी सीपीने काढावा.

मार्ग दोनच असतात असेही नाही. दाब × आयतनाचा न-वा घात स्थिर राहील, असा कोणताही मार्ग घेतला तर त्या मार्गावरची मोलर उष्णताधारकता अशी येते:

सीव्ही + आर ÷ (१ − न)

न शून्य घेतला की दाब स्थिर राहतो आणि सीपी मिळते. न एकाच्या जवळ नेला की तापमान स्थिर राहते आणि उत्तर अनंताकडे जाते, कारण कितीही उष्णता दिली तरी तापमान हलत नाही. न गॅमाइतका, म्हणजे सीपी भागिले सीव्ही इतका घेतला की उत्तर शून्य येते, कारण उष्णतेची देवाणघेवाणच होत नाही. आता द्विआण्विक वायूसाठी (त्याची सीव्ही २.५ आर असते, ते का हे तिसऱ्या पायरीत येईल) न १.२ घेऊन पाहा: २.५ आर वजा ५ आर, म्हणजे उणे २.५ आर. ऋण उष्णताधारकता पाहून घाबरू नये. या मार्गावर प्रसरण पावणारा वायू त्याला मिळालेल्या उष्णतेपेक्षा जास्त कार्य करतो, आणि म्हणून उष्णता घेऊनही थंड होतो. हे एक उदाहरण नीट समजले की उष्णताधारकता ही केवळ वायूची नसून वायू आणि त्याचा मार्ग या दोघांची मिळून असते, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी: एकके

याबाबत थोडक्यात. हिशेब मोलमध्ये करावा आणि शेवटी गरज असेल तरच किलोग्रॅममध्ये न्यावा. कोरड्या हवेची सीपी २९.१ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन आहे आणि तिचे मोलर वस्तुमान २८.९७ ग्रॅम, भागाकार केला की १.००५ जूल प्रति ग्रॅम, म्हणजेच १.००५ किलोजूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्व्हिन मिळतात. हायड्रोजनची मोलर सीपी २८.८ आहे, म्हणजे हवेच्या जवळपास तेवढीच, पण किलोग्रॅममागे ती १४.३ किलोजूल होते, कारण एका किलोग्रॅममध्ये हायड्रोजनचे रेणू फार जास्त मावतात. मोलमध्ये पाहिले तर वायूंचे साम्य दिसते, किलोग्रॅममध्ये ते लपते. जुन्या पुस्तकांत कॅलरी आढळली तर ४.१८४ ने गुणावे. तापमानातील फरक सेल्सियसमध्ये घेतला तरी चालतो, पण वायू-समीकरणात आणि पुढे येणाऱ्या घातांकांत तापमान केल्व्हिनमध्येच हवे.

तिसरी पायरी: रेणूची रचना पाहून अंदाज काढा

कोष्टक हाताशी नसताना सीव्हीचा अंदाज रेणूच्या आकारावरून काढता येतो. ऊर्जेच्या समविभाजनाच्या नियमानुसार रेणूच्या प्रत्येक स्वतंत्र हालचालीमागे एका मोलला अर्धा आर इतकी उष्णताधारकता येते. अशा हालचालींना स्वातंत्र्यमात्रा म्हणतात.

हेलियम, निऑन, आर्गॉन यांचे कण एकेकटे अणू आहेत. ते तीन दिशांना सरकू शकतात, एवढेच. म्हणून सीव्ही दीड आर, म्हणजे १२.४७, सीपी अडीच आर, म्हणजे २०.७९, आणि गॅमा १.६६७. मोजलेले आकडे याच्याशी इतके जुळतात की हा हिशेब उलटाही वापरला गेला. कुंट आणि वारबुर्ग यांनी १८७६ मध्ये पाऱ्याच्या वाफेतील ध्वनीच्या वेगावरून तिचा गॅमा ५/३ च्या जवळ असल्याचे दाखवले, आणि १८९० च्या दशकात रॅले व रॅम्झी यांनी नव्याने सापडलेला आर्गॉन एकाण्विक असल्याचे याच कसोटीवर ठरवले. आर्गॉन कशाशीच संयोग पावत नसल्याने रासायनिक मार्गाने हे ठरवणे तेव्हा शक्यच नव्हते.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू दोन अणूंचे. सरकण्याच्या तीन आणि अक्षाला लंब असलेल्या दोन दिशांभोवती फिरण्याच्या दोन, अशा पाच मात्रा होतात. सीव्ही २०.७९, सीपी २९.१०, गॅमा १.४०. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनची मोजलेली सीपी २९.१२ आणि ऑक्सिजनची २९.३८ आहे. एवढ्या साध्या मोजणीतून इतके जवळचे उत्तर यावे, हे मला अजूनही समाधान देते. एका रेषेत नसलेल्या रेणूला फिरण्याच्या तीन दिशा मिळतात, म्हणून सीव्ही तीन आर आणि सीपी ३३.२६, पाण्याच्या वाफेची मोजलेली सीपी ३३.६ आहे.

मग अडचण कुठे येते? क्लोरीनही द्विआण्विकच, पण त्याची सीपी २९.१ नसून ३३.९ आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत आहे, तरी त्याची सीपी ३७.१ आहे. कमी पडलेला भाग अणूंच्या आपसांतील कंपनांचा आहे. प्रत्येक कंपनाला गतिज आणि स्थितिज असे दोन वाटे असल्याने त्याचे पूर्ण योगदान एक आर असायला हवे. पण ते पूर्ण धरले तर नायट्रोजनची सीव्ही साडेतीन आर आणि गॅमा १.२९ येतो, जो प्रत्यक्षाशी मुळीच जुळत नाही. मॅक्सवेलपासून एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञांना हे कोडे सुटले नव्हते. कंपनाची ऊर्जा सलग वाढत नसून ठरावीक टप्प्यांनी वाढते, हे पुंजवादाने दाखवल्यावर ते सुटले. टप्पा मोठा आणि तापमान कमी असेल तर कंपन गोठलेले राहते आणि उष्णता घेत नाही. फिरणेही असेच गोठू शकते: ऑइकेन याने १९१२ मध्ये हायड्रोजन खूप थंड करून मोजला, तेव्हा सुमारे ६० केल्व्हिनला त्याची सीव्ही एकाण्विक वायूसारखी दीड आरवर आलेली आढळली.

कंपनाचे योगदान काढण्याची रीत अशी आहे. प्रत्येक कंपनाला एक वैशिष्ट्यपूर्ण तापमान असते. ते वायूच्या तापमानाने भागून जो आकडा येतो त्याला क्ष म्हणू. ई हा नैसर्गिक लॉगरिथमचा पाया, २.७१८. मग त्या कंपनाचे योगदान:

आर × क्ष² × (ई चा क्ष-वा घात) ÷ [(ई चा क्ष-वा घात) − १]²

कार्बन डायऑक्साइड घेऊ, तापमान ३०० केल्व्हिन. त्याच्या रेणूला चार कंपने आहेत: वाकण्याची दोन, प्रत्येकाचे वैशिष्ट्यपूर्ण तापमान सुमारे ९६० केल्व्हिन, दोन्ही बाजूंना एकाच वेळी ताणले जाण्याचे एक, सुमारे २००० केल्व्हिन, आणि एका बाजूला ताणले व दुसऱ्या बाजूला दबले जाण्याचे एक, सुमारे ३३८० केल्व्हिन. वाकण्यासाठी क्ष ३.२ येतो. ई चा ३.२ वा घात २४.५, क्षचा वर्ग १०.२४, म्हणजे वर २५१ आणि खाली २३.५ चा वर्ग, सुमारे ५५४. उत्तर ०.४५ आर. अशी दोन कंपने मिळून ०.९१ आर. तिसऱ्या कंपनाचे याच रीतीने जेमतेम ०.०६ आर येते आणि चौथ्याचे नगण्य. बेरीज सुमारे ०.९७ आर. सरकण्याचे व फिरण्याचे अडीच आर त्यात मिळवले की सीव्ही ३.४७ आर, आणि आणखी एक आर मिळवला की सीपी ४.४७ आर, म्हणजे ३७.१ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. कोष्टकातलाही आकडा हाच आहे. हे उदाहरण प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने सोडवावे. नायट्रोजनसाठी वैशिष्ट्यपूर्ण तापमान ३३९० केल्व्हिन घेऊन तेच केले की हवेच्या बाबतीत कंपने खोलीच्या तापमानाला का विसरता येतात, हे आपोआप दिसते.

चौथी पायरी: तापमानाचा पल्ला मोठा असेल तर सरासरीवर विसंबू नका

कंपने तापमानाबरोबर जागी होत जातात, म्हणून सीपीही वाढत जाते. वीस-तीस अंशांच्या फरकात याने काही बिघडत नाही. भट्टीचा किंवा इंजिनाचा हिशेब असेल तर बिघडते. अशा वेळी सीपी तापमानाच्या बहुपदीच्या रूपात घेतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या कोष्टकांत वापरलेली रीत अशी: केल्व्हिनमधील तापमान हजाराने भागून त्याला ट म्हणावे, आणि

सीपी = अ + ब × ट + क × ट² + ड × ट³ + इ ÷ ट²

कार्बन डायऑक्साइडसाठी २९८ ते १२०० केल्व्हिन या पल्ल्यात अ २४.९९७, ब ५५.१८७, क −३३.६९१, ड ७.९४८ आणि इ −०.१३७ आहेत. १००० केल्व्हिनला ट एक होतो, म्हणून पाचही आकड्यांची नुसती बेरीज करावी: ५४.३. खोलीच्या तापमानाच्या जवळपास दीडपट.

आता एक मोल कार्बन डायऑक्साइड स्थिर दाबाला ३०० पासून १००० केल्व्हिनपर्यंत तापवायचा आहे. इंटिग्रेशन केल्यावर किलोजूलमधील पदावली अशी होते: अ × ट + ब × ट² ÷ २ + क × ट³ ÷ ३ + ड × ट⁴ ÷ ४ − इ ÷ ट. ट = १ ठेवल्यास ४३.४८, ट = ०.३ ठेवल्यास १०.१५. वजाबाकी ३३.३ किलोजूल. हेच खोलीच्या तापमानाची सीपी धरून केले असते तर ३७.१ × ७०० म्हणजे २६.० किलोजूल आले असते. उष्णतेचा पाचव्या भागाहून मोठा वाटा हिशेबातून निसटला असता. बहुपदी वापरताना पल्ल्याची मर्यादा पाळावी. १२०० केल्व्हिनच्या पुढे हेच आकडे वापरले तर उत्तर येईल, पण त्यावर विश्वास ठेवता येणार नाही. त्यासाठी वेगळा संच असतो.

पाचवी पायरी: मिश्रण, आणि पणजीतली एक खोली

वायूंचे मिश्रण असेल तर प्रत्येक घटकाची मोलर उष्णताधारकता त्याच्या मोल-अंशाने गुणून बेरीज करायची. आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे दमट हवा. खोलीत तापमान ३२ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे धरू. ३२ अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे ४.७६ किलोपास्कल असतो. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३.८१. वातावरणाचा दाब १०१.३, म्हणून वाफेचा मोल-अंश ०.०३७६. उरलेला ०.९६२४ कोरड्या हवेचा. मिश्रणाची सीपी:

०.९६२४ × २९.१ + ०.०३७६ × ३३.६ = २९.२७

कोरड्या हवेपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त. समुद्रकाठी घामाने जीव नकोसा होतो, पण हवेच्या उष्णताधारकतेत दमटपणाने पडणारा फरक हा एवढाच.

खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच घेऊ. आयतन ३६ घनमीटर. तिला ३२ वरून २४ अंशांवर आणायचे आहे. पहिल्या पायरीचा प्रश्न विचारा: मार्ग कोणता? दारे-खिडक्या लावल्या तरी फटींतून हवा आत-बाहेर होत राहते, म्हणून दाब बाहेरच्याइतकाच राहतो आणि सीपी वापरावी लागते. मधल्या २८ अंशांना, म्हणजे ३०१ केल्व्हिनला मोलसंख्या १०१३२५ × ३६ ÷ (८.३१४ × ३०१), म्हणजे सुमारे १४५८. ही २९.१ ने गुणली की खोलीतील हवेची उष्णताधारकता ४२.४ किलोजूल प्रति केल्व्हिन मिळते. आठ अंशांसाठी ३३९ किलोजूल.

दीड टनाचा एसी सेकंदाला सुमारे ५.३ किलोजूल उष्णता बाहेर फेकतो. या हिशेबाने खोली एका मिनिटात थंड व्हायला हवी, आणि ती होत नाही हे घरोघरी ठाऊक आहे. भिंती, स्लॅब आणि सामान यांची उष्णता हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मात्र हवेतच आहे, आणि ते सीपीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. सुरुवातीला खोलीत सुमारे ५४ मोल वाफ होती. २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता या स्थितीत ती सुमारे २६ मोल उरते. मधली २८ मोल, म्हणजे अर्धा किलो वाफ, पाणी होऊन नळीवाटे बाहेर जाते, आणि तिची सुप्त उष्णता सुमारे १२०० किलोजूल भरते. हवा थंड करण्याला लागली त्याच्या साडेतीनपट. उष्णताधारकतेचे सूत्र फक्त तोपर्यंतच चालते, जोपर्यंत पदार्थाची अवस्था बदलत नाही. वाफेचे पाणी होत असेल तर तो खर्च वेगळा मांडावा लागतो, आणि गोव्याच्या हवेत तो मुख्य खर्च असतो.

सहावी पायरी: मोजून पाहा

सीपी आणि सीव्ही प्रत्यक्ष मोजणे किचकट आहे, कारण वायूपेक्षा भांडेच जास्त उष्णता खाते. त्यापेक्षा गॅमा मोजणे सोपे, आणि गॅमा मिळाला की मायरच्या संबंधावरून दोन्ही मिळतात: सीव्ही = आर ÷ (गॅमा − १), आणि सीपी तिच्यापेक्षा एक आर जास्त.

महाविद्यालयांत यासाठी क्लेमां आणि देझोर्म यांचा १८१९ चा प्रयोग करतात. मोठ्या काचेच्या बरणीत पंपाने थोडी जास्त हवा भरायची, ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचे आणि पाण्याच्या मॅनोमीटरवर उंचीचा फरक वाचायचा. ही पहिली उंची. मग तोटी झटक्यात उघडून लगेच बंद करायची. हवा एकदम प्रसरण पावून थंड होते. ती पुन्हा तापून खोलीच्या तापमानाला आली की दाब थोडा चढतो. ही दुसरी उंची. गॅमा म्हणजे पहिली उंची भागिले दोन्ही उंचींतील फरक. पहिली १८.० सेंटिमीटर आणि दुसरी ५.० आली असे समजा. गॅमा १८ ÷ १३, म्हणजे १.३८५.

१.४० ऐवजी कमी उत्तर आले की पावसाळ्यात जर्नलमध्ये ‘हवेतील आर्द्रतेमुळे’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो तपासून पाहावा. वरच्या दमट हवेसाठी गॅमा २९.२७ ÷ २०.९६, म्हणजे १.३९७. आर्द्रतेने केवळ ०.००३ चा फरक पडतो. उलट दुसरी उंची वाचताना एक मिलिमीटर चुकला तर गॅमा ०.०११ ने हलतो. म्हणजे मॅनोमीटर वाचण्यातील ढिलाई आणि तोटी उशिरा बंद करणे हे आर्द्रतेपेक्षा मोठे गुन्हेगार आहेत. याला एक अपवाद आहे. १८ सेंटिमीटर पाण्याइतका जादा दाब सोडला की बरणीतील हवा सुमारे दीड अंशाने थंड होते, आणि बाहेरची आर्द्रता नव्वदीच्या वर असेल तर तेवढ्यानेही दव धरू शकते. मग सुप्त उष्णता सुटून हवा पुरेशी थंड होत नाही आणि गॅमा खरोखर कमी येतो. जुलैतल्या पावसात म्हणूनच हवा आधी कॅल्शियम क्लोराइडच्या किंवा सिलिका जेलच्या नळीतून ओढून घ्यावी. डिसेंबरात त्यावाचून फारसे अडत नाही.

दुसरा मार्ग ध्वनीच्या वेगाचा. न्यूटनने हवेतील ध्वनीचा वेग काढताना तापमान स्थिर राहते असे मानले, आणि त्याचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी आले. लाप्लासने १८१६ मध्ये दाखवले की ध्वनिलहरीतील दाब इतका जलद बदलतो की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नाही, म्हणून सूत्रात गॅमा हवा. २७ अंशांना ध्वनीचा वेग ३४७ मीटर प्रति सेकंद मोजला, तर त्याचा वर्ग गुणिले मोलर वस्तुमान ०.०२८९७ किलोग्रॅम, भागिले ८.३१४ × ३००, असे करून गॅमा १.४० मिळतो. न्यूटनच्या गृहीतकाने याच तापमानाला वेग २९३ आला असता.

कोणत्याही रीतीने गॅमा काढला तरी एक सावधगिरी हवी. सूत्राच्या खाली गॅमा वजा एक असल्यामुळे लहान चूक मोठी होते. १.४० च्या जागी १.३८५ धरला, म्हणजे जेमतेम एक टक्का चुकला, तर सीव्ही २०.८ ऐवजी २१.६ येते; चूक चार टक्क्यांची होते. उत्तर लिहिताना दशांशस्थळे त्या मानाने ठेवावीत.

हे सगळे कुठपर्यंत चालते

वातावरणीय दाबाच्या हवेसाठी आदर्श वायूची सूत्रे एका टक्क्याच्या आत बरोबर उत्तर देतात. दाब वाढला की रेणूंचे परस्परांतील आकर्षण हिशेबात यावे लागते: खोलीच्या तापमानाला १०० बार दाबाच्या नायट्रोजनची सीपी आदर्श आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढते, आणि सीपी वजा सीव्ही आता आरइतकी उरत नाही. सर्वांत मोठी फसगत कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरात होऊ शकते. त्याचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या पलीकडे द्रव आणि वायू वेगळे ओळखता येत नाहीत तो बिंदू, ३१ अंश सेल्सियस आणि ७३.८ बार आहे, म्हणजे तापमानापुरते पाहिले तर मडगावची कोणतीही मे महिन्यातली दुपार. भिंतीवर टांगलेल्या अग्निशामकात त्या दिवशी द्रव आणि वायू हा भेद पुसला गेलेला असू शकतो, आणि क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ सीपी आपल्या ३७.१ च्या कितीतरी पट होते, तत्त्वतः अमर्याद वाढते. तिथे रेणूच्या मात्रा मोजू नयेत, बहुपदीही लावू नये. तापमान आणि दाब दोन्ही दिलेल्या कोष्टकातून त्या बिंदूचा आकडा थेट उचलावा, आणि हिशेबाच्या पल्ल्यात तो झपाट्याने बदलत असेल तर सीपी बाजूला ठेवून सुरुवातीच्या व शेवटच्या एन्थाल्पींची सरळ वजाबाकी करावी.